मूत्राशयाचा कर्करोग : ‘घरात कुणाला होता का?’ याच्या आधी काय विचारायचं? (निपाणी–चिकोडी–बेळगाव)

वेदगंगा
नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या आरोग्य शिबिरांसाठी एका पानाची प्रश्नावली तयार होतेय. पुढच्या बाजूला मराठी, मागे कन्नड. त्यातला मूत्राशयाच्या कर्करोगाचा भाग माझ्याकडे आहे. आत्ताच्या मसुद्यात तीनच प्रश्न आहेत : १) तंबाखूचं व्यसन आहे का? २) घरात कुणाला कॅन्सर होता का? ३) लघवीतून रक्त जातं का?

माझं मत असं की तिन्ही प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारलेत. त्यातला दुसरा तर सगळ्यांच्या तोंडी पहिला असतो आणि या रोगात उपयोगाला सगळ्यात कमी येतो. ‘आमच्या घराण्यात नाही’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, आणि तीस वर्षं रंगाच्या टाकीवर काढली ते सांगायचंच राहतं. विचारणारी आशा कार्यकर्ती, वेळ पाच मिनिटं, प्रश्न दहाच्या आत. काय ठेवू, काय काढू? आपापल्या दुखण्याच्या कहाण्या इथे नकोत, नेमकं सांगा.

पॅथॉलॉजी_खानापूर
पहिल्या प्रश्नापासून सुरू करते. ‘तंबाखूचं व्यसन’ हे एकच खातं ठेवलंत तर माहिती मातीत गेली. या रोगात ओढणं आणि खाणं वेगळं विचारा. तंबाखू जळली की धुरात ४-अमिनोबायफिनाइल आणि २-नॅफ्थिलअमीन ही ‘अमीन’ वर्गातली कर्करोगकारी रसायनं तयार होतात. फुफ्फुसातून रक्तात, यकृतातून मूत्रपिंडात आणि शेवटी मूत्राशयात. फुफ्फुसावरून वारं जातं तसं हे नव्हे, लघवी तीन-चार तास साठून राहते आणि आतलं अस्तर तेवढा वेळ त्यात भिजत राहतं.

सिगारेट ओढणाऱ्याला धोका न ओढणाऱ्याच्या तिप्पट-चौपट, सोडलेल्यालाही साधारण दुप्पट. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत (२०११) स्त्री-पुरुष दोघांतही जवळजवळ निम्म्या रुग्णांचं मूळ धूम्रपानात निघालं. खाण्याच्या तंबाखूचा तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंडाशी संबंध पक्का आहे, मूत्राशयाशी तसा सिद्ध झालेला नाही.

म्हणून विचारा : विडी की सिगारेट, रोज किती नग, किती वर्षं, सोडली असेल तर कधी. ‘बंडल’ लिहू नका, बंडलात विड्या किती हे छापावर अवलंबून. डॉक्टर नंतर ‘पॅक-वर्ष’ काढतात : रोजच्या सिगारेटी भागिले २०, गुणिले वर्षं. रक्त दिसलेल्या माणसाची जोखीम ठरवताना १० च्या आत, १० ते ३० आणि ३० च्या वर असे टप्पे धरतात.

कुंदा_प्रेमी
म्हणजे गुटखा खाल्ला तर चालतंय म्हणूलालाय होय अक्का? 😄

पॅथॉलॉजी_खानापूर
@कुंदा_प्रेमी, तोंड उघडायचं बंद झालं की कुंदा कुठून खाणार ते आधी ठरवा.

वखारवाला
निपाणीचा विषय निघालाच आहे तर एक गोंधळ मिटवू. इथं अर्धं गाव तंबाखूत असतं, पण ‘तंबाखूत काम’ म्हणजे काय काम? शेतात ओला पाला हाताळणाऱ्याच्या कातडीतून निकोटीन जातं : मळमळ, चक्कर, ओकारी. वखारीत कुटणं-चाळणं करणाऱ्याच्या नाकात जर्दा जातो : दमा, खोकला, डोळ्यांची आग. विड्या वळणाऱ्या बायकांचं तेच, वर मान आणि पाठ. हे सगळं वाईटच, पण न जळलेल्या धुळीतून मूत्राशयाचा कर्करोग होतो असा ठोस पुरावा नाही. वर सांगितलेली अमीन मुख्यतः जळताना बनतात.

अपवादासारखी एक गोष्ट म्हणजे मिशरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात आणि कोंदट स्वयंपाकघरात धूर भरतो. मिशरीवर मूत्राशयाच्या अंगाने वेगळं सिद्ध झालेलं काही नाही, पण भाजणारी बाई ‘मी कधी ओढली नाही’ असं खरंच सांगते आणि धूर मात्र रोज घेते. शिवाय हातात धुमसणाऱ्या विडीच्या टोकाचा धूर, म्हणजे शेजारी बसलेल्याच्या नाकात जाणारा, त्यात ही अमीन आत ओढलेल्या धुरापेक्षा जास्तच असतात. तेव्हा ‘घरात कोण ओढतं’ हा अर्धा प्रश्न जोडा.

ताणाबाणा
आता मूळ दुखण्याकडे. हा रोग धंद्याचा आहे हे कळलंच मुळी रंगाच्या कारखान्यातून. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी पाहिल्या आणि तसं मांडलं. १९३८ मध्ये ह्यूपर या संशोधकाने कुत्र्यांना २-नॅफ्थिलअमीन देऊन तोच रोग घडवून दाखवला. १९५४ मध्ये इंग्लंडात केस या संशोधकाने रंग-रसायन कामगारांचे आकडे मांडले, तेव्हा कुठे तिथल्या सरकारला जाग आली. साठ वर्षं!

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात माग आहेत, सूत रंगवणंही चालत आलेलं आहे. पण ‘मागावर काम करता का?’ हा प्रश्न कुचकामी. ताणा लावणारा, कांड्या भरणारी, माग चालवणारा, यांना धोका धुळीचा आणि आवाजाचा. विचारायला हवं रंगाच्या खोलीत कोण होतं. त्यातही : पावडर कोण तोलत होता, टाकीत कोण ढवळत होता, रिकामे ड्रम कोण धूत होता आणि रंगाची गोणी झटकून घरी कोण नेत होता.

कुठला रंग हेही महत्त्वाचं. बेंझिडीनवर आधारलेले डायरेक्ट रंग, उदाहरणार्थ डायरेक्ट ब्लॅक ३८, डायरेक्ट ब्लू ६, डायरेक्ट रेड २८ (हाच काँगो रेड), पोटात गेले की आतड्यातले जंतू त्यांचा ॲझो बंध (दोन नायट्रोजनची जोडणी) तोडतात आणि पुन्हा बेंझिडीन मोकळं होतं. म्हणजे तयार रंग ‘निर्धोक’ हे खोटं. भारतात बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली, आणखी ॲझो रंगांची यादी १९९७ मध्ये जोडली गेली. जर्मनीने असे रंग लावलेलं कापड घ्यायचं थांबवलं हेही त्यामागे होतंच. रिॲक्टिव्ह रंगांचा त्रास वेगळा, तो मुख्यतः दम्याचा.

म्हणून वर्ष विचारा. १९९७ च्या आधी रंगखात्यात होता का? या रोगाला उगवायला पंधरा ते चाळीस वर्षं लागतात. १९८५ मध्ये वीस वर्षांचा असलेला पोरगा आज साठीत आहे. तो आज शेती करतो, मसुद्यातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘शेती’ लिहून मोकळा होणार.

मार्कंडेय
+१०० शेवटच्या परिच्छेदाला. ‘व्यवसाय काय?’ नको, ‘आजवर कुठकुठली कामं केली?’ हवं.

उद्यमबाग_तीन
@ताणाबाणा, छान मांडलंत. पण बेळगावात रंगखात्यापेक्षा फाउंड्री आणि मशिनशॉप जास्त, त्याचं काय?

फाउंड्रीबद्दल सावध बोलतो. लोखंडाच्या ओतकामाचा सिद्ध संबंध फुफ्फुसाच्या कर्करोगाशी आहे, मूत्राशयाशी तितका नाही. वाळूत कोळशाची भुकटी असते, ओतताना ती जळून पीएएच (अर्धवट जळण्यातून बनणारी घातक रसायनं) तयार होतात, कोअर शॉपमध्ये रेझिन असतं. तरी ‘फाउंड्री म्हणजे मूत्राशयाचा कॅन्सर’ असं पानावर छापू नका.

मशिनशॉपमध्ये कटिंग ऑइल पाहा. पाण्यात न मिसळणारं सरळ खनिज तेल, हात कोपरापर्यंत त्यात, कपडे मांडीपर्यंत ओले : अशा कामाचा मूत्राशयाशी संबंध काही चांगल्या अभ्यासांत दिसलाय. पांढऱ्या दुधाळ कूलंटचं वेगळं. त्यात पूर्वी अमीन आणि नायट्राइट एकत्र टाकत, त्यातून नायट्रोसामीन ही कर्करोगकारी रसायनं बनत.

तिसरं, पेंटर. फवारा मारणारे, ट्रकच्या बॉड्या रंगवणारे. ‘पेंटरचं काम’ हेच जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) पहिल्या गटात, म्हणजे ‘कर्करोग होतो हे सिद्ध’ या यादीत आहे, फुफ्फुसासोबत मूत्राशयही. २०२२ मध्ये अग्निशामक दलाचं कामही पहिल्या गटात गेलं, त्यातही मूत्राशय आहे.

रबर हा चौथा. टायर-रबर बनवण्याचं काम जुनं नाव कमावून आहे. ऑर्थो-टोल्युइडीन तिथेही आणि रंगातही.

घटप्रभा
आणि ॲल्युमिनियम? तुम्ही विसरलात म्हणू की मुद्दाम टाळलंत?

उद्यमबाग_तीन
टाळलं नाही, वेगळं लिहायचं होतं. ‘ॲल्युमिनियमचा कारखाना’ म्हणजे सगळं एक नव्हे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याच्या कामात कॉस्टिक आणि धूळ असते, डांबर नसतं. धोका आहे तो धातू वितळवण्याच्या पॉटरूममध्ये, त्यातही सॉडरबर्ग पद्धतीच्या भट्टीवर. तिथे कोळशाच्या डांबराचा अॅनोड भट्टीतच भाजला जातो आणि त्याची वाफ कामगाराच्या तोंडावर येते. कॅनडात क्वेबेकच्या कामगारांत हे स्पष्ट दिसलं. म्हणून प्रश्न : ‘पॉटरूममध्ये होता का, कोणत्या साली?’ गेटवरच्या पाटीवरून काही ठरत नाही.

हिरण्यकेशी
मास्क वापरला तर हे सगळं टळतं का?

ताणाबाणा
@हिरण्यकेशी, नाही. इथेच लोक फसतात. ही अमीन कातडीतून जातात. मास्क असेल आणि हात उघडे असतील तर अर्धं काम फुकट. रंगखात्यात करण्यासारखं सांगतो :

पावडर कोरडी उडवायची नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी, मग गरम पाणी. उंचावरून ओतायची नाही, तोलताना काट्याशेजारी धूळ ओढणारा पंखा हवा. छताचा पंखा उलट धूळ फिरवतो. झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. हातमोजा नायट्राइलचा, आत रंग दिसला की फेकायचा. फाटका मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण आत ओल, घाम आणि रंग एकत्र कोंडतात. आणि हात थिनरने किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत. डाग जातो खरा, पण कातडीची चरबीही जाते आणि पुढचा रंग सरळ आत शिरतो. साबण आणि पाणी. विडी पेटवायच्या आधी हात धुवायचे, कारण बोटावरचा रंग विडीबरोबर तोंडात जातो. कामाचे कपडे कामावरच सोडायचे, घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत.

नवीन ड्रम आला की सुरक्षा पत्रक (एसडीएस) मागा. सोळा भाग असतात, त्यातला दुसरा (धोके), आठवा (बचाव) आणि अकरावा (विषारीपणा) वाचा. कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख-क्रमांक) लिहून ठेवा : बेंझिडीन ९२-८७-५, २-नॅफ्थिलअमीन ९१-५९-८, ४-अमिनोबायफिनाइल ९२-६७-१, ऑर्थो-टोल्युइडीन ९५-५३-४. पत्रक नसेल तर माल परत. ‘जुनी ओळख आहे’ म्हणून बिनलेबलाचा ड्रम घेतात, घात तिथे होतो.

कुंदा_प्रेमी
हे कॅस क्रमांक म्हणजे मोबाईल नंबरासारखे दिसूलालेत. कुणी मिस्डकॉल देऊ नका रे.

जनुककोडे
वेदगंगांचा दुसरा प्रश्न, ‘घरात कुणाला?’ याकडे कुणी वळलं नाही, म्हणून मी. तो काढू नका, बदला.

तीन वेगळ्या गोष्टी लोक एकाच ‘अनुवंश’ शब्दात कोंबतात.

पहिली, घराण्यातून खरोखर येणारा दोष. मूत्राशयात असं थोड्याच लोकांत असतं. महत्त्वाचा म्हणजे लिंच सिंड्रोम. एमएसएच२ सारख्या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकात बिघाड असतो. अशा घरात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी वयात दिसतो, शिवाय मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंडाच्या नळीतली गाठ. मूत्राशयाचा धोका त्यात वाढतो, पण वरच्या मार्गाचा (मूत्रपिंड-मूत्रवाहिनीचा) जास्त. म्हणून ‘घरात कुणाला कॅन्सर?’ हा प्रश्न बोथट. ‘पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भपिशवीचा कॅन्सर घरात कुणाला?’ असं विचारा. वरच्या मार्गातली गाठ साठीच्या आत निघाली तर लिंचची चाचणी विचारात घ्यावी.

दुसरी, लहान-लहान फरक, जे आपल्या निम्म्या लोकांत असतात. यात नाव एनएटी२ चं. हे यकृतातलं एन्झाइम, अमीनला ॲसिटिल गट चिकटवून निष्प्रभ करतं. काहींत ते हळू चालतं. त्यांना ‘स्लो ॲसिटिलेटर’ म्हणतात. क्षयाच्या आयसोनियाझिड गोळीने ज्यांच्या हातापायांना जास्त मुंग्या येतात ते बहुतेक हेच. अमीन निष्प्रभ झालं नाही की यकृतातलं दुसरं एन्झाइम, सीवायपी१ए२, त्याला ऑक्सिजन जोडतं, तो पदार्थ लघवीत येतो, आम्ल लघवीत फुटतो आणि अस्तराच्या डीएनएला चिकटतो. हळू गटाला धोका साधारण १.४ पट, आणि तो मुख्यतः ओढणाऱ्यांत. विष निकामी करणारं जीएसटीएम१ हे जनुक अजिबात नसणारेही पुष्कळ, त्यांनाही साधारण दीडपट.

गंमत अशी की बेंझिडीनच्या बाबतीत हिशेब उलटतो. चीनमधल्या बेंझिडीन कामगारांत हळू गटाला जास्त धोका दिसलाच नाही, कारण बेंझिडीनला ॲसिटिल गट लागणं हा त्याच्या घातक होण्याच्या वाटेचाच भाग आहे. एकच जनुक, एका विषात ढाल, दुसऱ्यात नाही.

तिसरी, गाठीच्या रिपोर्टमध्ये येणारी नावं : एफजीएफआर३, टीपी५३, टर्ट. हे बदल गाठीतल्या पेशींत जन्मानंतर झालेले, रक्तातून पोरांत जाणारे नव्हेत. रिपोर्ट हातात घेऊन ‘मुलाची लग्नं जमतील का’ विचारणारे भेटतात. त्यांना हे आधी सांगा.

मार्कंडेय
मग एनएटी२ ची चाचणी करून घ्यावी का? काही खासगी लॅब जाहिरात करतात. हळू निघालं तर विडी सोडेल तरी.

जनुककोडे
करू नये. १.४ पटीवर एकट्या माणसाचं काही ठरत नाही. आणि धोका उलट बाजूचा : ‘मी फास्ट निघालो’ म्हणून ओढत राहिला तर? फास्ट निघालेल्यालाही ओढण्याचा धोका शिल्लकच.

मार्कंडेय
पटलं नाही पूर्ण. बापाला झाला असेल तर मुलाला धोका दुप्पट म्हणतात ना?

जनुककोडे
सख्ख्या नात्यात साधारण दीड ते दुप्पट, बरोबर. पण बाप-लेक एकाच रंगखात्यात, एकाच बंडलातल्या विड्या ओढतात. त्या दुपटीत किती जनुक आणि किती बंडल, हे वेगळं काढणं सोपं नाही. म्हणून ‘बापाला होता’ असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न ‘बाप काय काम करायचा?’ हाच.

घटप्रभा
पाण्याचं बोला. चिकोडी, रायबाग, अथणीकडे ऊस आणि युरिया, बोअरचं पाणी. गावात जो तो ‘पाण्यामुळे’ म्हणतो.

नायट्रेट : भारतीय मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा. मूत्राशयाबद्दल पुरावे उलटसुलट आहेत. तान्ह्या बाळाच्या निळेपणासाठी मात्र तपासायलाच हवं. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं.

आर्सेनिक : हे खरं मूत्राशयाचं विष. तैवानचा नैर्ऋत्य किनारा, चिलीतलं अँतोफागास्ता. तिथे १९५८ ते १९७० या काळात नळालाच आर्सेनिक होतं. पाणी सुधारलं तरी पुढे कित्येक दशकं मृत्यू जास्त होत राहिले. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. कर्नाटकात आर्सेनिकची चर्चा होते ती रायचूर-यादगीरच्या सोन्याच्या पट्ट्यातली. आपल्याकडे काळा बसाल्ट, तो प्रश्न तसा नाही. शंका असेल तर बोअर एकदा तपासा, पण फिल्टर विकणाऱ्याच्या पट्टीवर विसंबू नका. टीडीएसच्या (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) काट्याला आर्सेनिक दिसत नाही.

क्लोरीन : राकसकोप, हिडकलचं पाणी शुद्ध करताना पानापाचोळ्याशी क्लोरीन मिसळून ट्रायहॅलोमिथेन बनतात. दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेले तर थोडा संबंध दिसलाय. म्हणून क्लोरीन बंद करा म्हणणाऱ्याला कॉलऱ्याची आठवण द्या. प्रश्नावलीत पाण्याचा एकच प्रश्न पुरे : नळ की बोअर, किती वर्षं.

हिरण्यकेशी
जास्त पाणी प्यायल्याने धोका कमी होतो हे खरं का?

पॅथॉलॉजी_खानापूर
तर्क सरळ आहे, लघवी पातळ होते आणि कमी वेळ साठते. १९९९ मध्ये पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत तसं दिसलंही, पण पुढच्या अभ्यासांत एकमत नाही. पाणी प्या, विडीची भरपाई म्हणून नको. कॉफीचं उलट झालं : आयएआरसीने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या संशयावरून तिला ‘शक्यता’ गटात टाकलं होतं आणि २०१६ मध्ये तिथून काढलं.

कुंदा_प्रेमी
कॉफी सुटली! आता गोबी मंचुरीचं सांगा. लाल रंगाने कॅन्सर म्हणून बंद केली ना सरकारनं?

ताणाबाणा
@कुंदा_प्रेमी, मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात गोबी मंचुरी आणि कापूस मिठाईतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आली. ऱ्होडामाइन-बी हा कापडाचा रंग, खाण्यात घालायला परवानगीच नाही, बंदी योग्यच. पण माणसात मूत्राशयाचा कर्करोग त्याने होतो असं सिद्ध झालेलं नाही. मंचुरी ही प्रश्नावलीत घालू नका, नाहीतर सगळी पानं तिनेच भरतील आणि रंगखाता राहील.

वखारवाला
जडीबुटीचं राहिलं. सापसंद, कन्नडात ईश्वरी बळ्ळी. साप चावल्यावर, पोटदुखीवर मुळी उगाळून देतात. तिच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंड आकसतं आणि मूत्रवाहिनी-मूत्रपिंडाच्या नळीत कर्करोग होतो. बाल्कनमध्ये गव्हात त्याच कुळातल्या तणाचं बी मिसळून गावंच्या गावं आजारली, तैवानात औषधातून तेच. गाठीच्या डीएनएत टीपी५३ जनुकावर ‘ए’ च्या जागी ‘टी’ असा ठसा सापडतो, चोराच्या पायाच्या ठशासारखा. ‘झाडपाल्याचं औषध घेता का?’ नको. ‘सापसंद / ईश्वरी बळ्ळीची मुळी महिनोन्महिने घेतली का?’ असं नाव घेऊन विचारा.

पॅथॉलॉजी_खानापूर
औषधांच्या बाजूने दोन ओळी. सायक्लोफॉस्फमाइड (लिम्फोमा, लूपससाठी) घेतलेल्यांत धोका वाढतो, त्याचं ॲक्रोलीन लघवीत येऊन अस्तर भाजतं. म्हणून मोठ्या मात्रेबरोबर अस्तर वाचवणारं मेस्ना देतात. ओटीपोटावर रेडिएशन झालेल्या बायका (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी) आणि पुरुष यांना उशिरा धोका. मधुमेहाचं पायोग्लिटाझोन भारतात जून २०१३ मध्ये थांबवलं, जुलैअखेर सावधगिरीच्या इशाऱ्यासह परत आलं. पूर्वी मूत्राशयाचा कर्करोग झालेल्यांना किंवा लघवीतल्या रक्ताचं कारण न सापडलेल्यांना देऊ नये. स्वतः बंद मात्र करायचं नाही, डॉक्टरला विचारायचं. आणि वर्षानुवर्षं लघवीची नळी घातलेले, मूतखडा मूत्राशयातच घेऊन फिरणारे : त्यांना वेगळ्या प्रकारचा, स्क्वेमस (चपट्या पेशींचा) कर्करोग.

मार्कंडेय
स्क्वेमस म्हटल्यावर आठवलं, मूत्राशयात असाच कर्करोग घडवणारा इजिप्तमधला तो कृमी? शिस्टोसोमा. तो भारतात नाही ना?

पॅथॉलॉजी_खानापूर
सगळीकडे नाही. पण कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तसा एक छोटा केंद्रबिंदू नोंदवला होता. घाट उतरलं की कोकण, म्हणून सांगितलं. प्रश्नावलीत घालायची गरज नाही.

उद्यमबाग_तीन
कायद्याचं एक. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत (कळवायच्या रोगांच्या यादीत) ‘व्यावसायिक कर्करोग’ होता आणि कलम ८९ प्रमाणे डॉक्टरनेही मुख्य निरीक्षकाला कळवायचं असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही अशी अनुसूची आहे. पण कामाचा इतिहास कागदावरच नसेल तर कळवणार काय? म्हणून शिबिराच्या पानावर साल आणि खातं लिहिलंत तर तोच पुढे एकमेव पुरावा ठरू शकतो. एक प्रत माणसाच्या हातात द्या.

हिरण्यकेशी
तिसरा प्रश्न राहिला, रक्ताचा.

पॅथॉलॉजी_खानापूर
हो, आणि तो सगळ्यात मोठा. ‘रक्त जातं का?’ असं वर्तमानकाळात विचारलं की ‘नाही’ उत्तर येतं. हे रक्त एकदा येतं, दुखत नाही, दोन दिवसांत बंद होतं, आणि सहा महिने काही नाही. म्हणून ‘कधी एकदा तरी, दुखल्याशिवाय, लघवी लाल, चहासारखी किंवा मटण धुतलेल्या पाण्यासारखी झाली होती का?’ असं विचारा. एकदा झालं तरी दुर्बिणीची तपासणी (सिस्टोस्कोपी) लागते.

फसवणारी कारणंही विचारा : आदल्या दिवशी बीट, क्षयाची रिफाम्पिसिन, लघवीच्या जळजळीवरची केशरी गोळी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ‘तिच्यामुळेच’ म्हणून सोडून देऊ नये. गोळी रक्त वाढवते, गाठ लपलेली असू शकते. बायकांत ‘इन्फेक्शन’ म्हणून दोन-तीनदा अँटिबायोटिक देऊन वेळ जातो. कल्चरमध्ये जंतू नसतील तर पुन्हा गोळ्या नकोत.

लॅबचं : पट्टीवर ‘रक्त’ दिसलं तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, एका क्षेत्रात तीन किंवा जास्त लाल पेशी धरतात. सायटोलॉजीला (लघवीतल्या पेशींच्या तपासणीला) सकाळची पहिली लघवी देऊ नका, रात्रभर भिजून पेशी कुजतात. दुसरी द्या, ताजी. आणि सायटोलॉजी स्वच्छ आली म्हणून सुटलं असं नाही, मवाळ गाठी तिला दिसत नाहीत. सोनोग्राफीही भरल्या मूत्राशयावर हवी, तरी सपाट गाठ चुकते.

वेदगंगा
सगळ्यांचे आभार. तिन्ही प्रश्न मोडून असं करतोय. ओढणं : नग, वर्षं, सोडल्याचं साल, घरातला धूर. कामं : आयुष्यभरातली सगळी, त्यात रंगखाता / रबर / फवारा पेंटिंग / पॉटरूम / तेलात हात यांवर खूण आणि साल, १९९७ च्या आधी की नंतर. सापसंद नावाने. सायक्लोफॉस्फमाइड, ओटीपोटावर शेक, लघवीची नळी. पाणी : नळ की बोअर. घरात : आतड्याचा / गर्भपिशवीचा, कोणत्या वयात, आणि त्या नातलगाचं काम. रक्त : कधी एकदा तरी. सात झाले. मंचुरी बाद.

कुंदा_प्रेमी
मंचुरीला न्याय मिळाला नाही. निषेध.

जनुककोडे
‘ओटीपोटावर शेक’ वाचून लोक गरम पाण्याच्या पिशवीला ‘होय’ म्हणतील. ‘कॅन्सरसाठी लाइटचा शेक (रेडिएशन)’ असं पूर्ण लिहा.

घटप्रभा
आणि कन्नड बाजू छापायच्या आधी एक. मसुद्यात ‘मूत्रकोश’ लिहिलंय. छापील कन्नडात तो मूत्राशय, पण बोलण्यात काही जण किडनीलाही तेच म्हणतात. रक्ताच्या प्रश्नात अवयवाचं नावच घेऊ नका. सरळ ‘उच्ची केंपग’ (लघवी लाल) लिहा, रायबागच्या म्हातारीलाही कळेल.

वेदगंगा
दोन्ही बदललं. गुरुवारी छापायला जातंय, त्याआधी कुणाला आणखी चूक दिसली तर इथेच टाका.